वीस मिलिसेकंद

सातपूरच्या त्या हॉस्पिटलातून रात्री अकराला
एमआरआयची चित्रं पुण्याला निघतात,
आणि त्याच वायरीतून बोलणारी माणसं
खडीवरून सायकल चालवत असल्यासारखी बोलू लागतात.
"बी निगे—" आणि पुढे काहीच नाही.
हेमलता गांगुर्डे, टेलिफोन ऑपरेटर,
गळलेली अक्षरं स्वतः भरायच्या.
"शब्दकोडं सोडवते हो मी रोज," म्हणाल्या,
"पण परवा चुकले."
काय चुकलं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पगारे वॉचमनने जिन्याखालची खोली उघडून दिली.
आत एक खराटा, ऑक्सिजनचं रिकामं सिलिंडर
आणि चोवीस पोर्टांचा स्विच,
गणपतीनंतर काढायच्या राहिलेल्या माळेसारखा लुकलुकत.
बिलं, कॅमेरे, चित्रं, आवाज, सगळं एकाच वाटेला लावलेलं.
कांद्याच्या दिवसांत पिंपळगाव मार्केटचं गेट तसंच असतं:
ट्रॅक्टर, पिकअप
आणि मध्येच डबा घेऊन आलेला एखादा सायकलवाला.

निळी केबल लावली. पोर्टमागून पोर्ट.
डेटासाठी दहा, आवाजासाठी चाळीस.
वायर तीच, भिंतीतलं भोकही तेच,
फोनच्या पाठीला चिकटलेला कॉम्प्युटर तोच.
आता फोन आपल्या प्रत्येक पाकिटावर चाळीसचा शिक्का मारतो
आणि रांगेत पुढे घुसतो.

पुढे का, असं हॉस्पिटलच्या अकाउंटंटने विचारलं होतं,
एवढी महागडी चित्रं मागे का?
चित्राचा तुकडा हरवला तर परत मागता येतो, साहेब.
आवाजाचा येत नाही.
वीस-वीस मिलिसेकंदांचे घास असतात ते.
उशिरा पोचला की फोन तो टाकूनच देतो,
कारण बोलणारा तोवर पुढच्या शब्दावर गेलेला.
आवाजाला जागा थोडी लागते.
फक्त ती आत्ता लागते.

रामकुंडाशी गोदेला अरुणा मिळते म्हणतात.
लहानपणी काठावर बसून मी शोधायचे कुठली कुठली,
पाणी सगळं सारखंच हिरवं.
मामा म्हणायचा, ती खालून येते, दिसायची नाही.
पोर्ट सातवर ते आठवलं
आणि लगेच विसरले, कारण चौदा ऐकेना.

चौदावर रक्तपेढीचा फोन. जुना.
त्याला शिक्काच मारता येईना.
मग त्याचा पोर्टच अख्खा चाळीसात टाकला:
तुझ्यामागे कॉम्प्युटर नाही, बाबा, तू एकटाच बोल.

पावणेतीनला लाइट गेली.
यूपीएसने एक शिट्टी मारली आणि मान टाकली.
जनरेटरवर स्विच उठला तो कालचाच,
काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.
मी सेव्ह केलं नव्हतं.
बारा वर्षं नव्या पोरांवर ओरडत आलेय,
आधी राइट मेमरी, मग चहा.
चहाचा कप पायाशी होता. अर्धा.

पुन्हा पहिल्यापासून. पगारे बॅटरी धरून उभे.
"मॅडम, हे सगळं पाठ आहे तुम्हाला?"
"आता झालं."

सव्वापाचला मी मुद्दाम सगळी चित्रं एकदम सोडली
आणि हेमलताताईंना म्हटलं, लावा रक्तपेढीला.
त्या ऐकत राहिल्या.
मग रिसीव्हरवर तळहात ठेवून, हळूच,
"पलीकडे पंखा चालू आहे."
"बरं."
"पाच वर्षं झाली हे फोन येऊन. पंखा आज कळला.
आणि तो पोरगा बोलताना मध्ये दम घेतो."

पलीकडून त्याने पिशव्यांचे आकडे सांगितले.
ताईंचे ओठ सवयीने पुढचं अक्षर आधीच जुळवत होते,
आणि ते अक्षर येत होतं,
दर वेळी,
त्यांना थोडं ओशाळवत.

मी जिन्याखाली जाऊन पुन्हा एकदा सेव्ह केलं.
गरज नव्हती.